सिद्धेश्वर तलाव गेममध्ये उतरवताना: टू-डी दृश्यात प्रतिबिंब कसं बसवायचं

सोलापुरात राहून गेम बनवायला शिकणाऱ्याला प्रतिबिंबाचा नमुना शोधत लांब जावं लागत नाही. तळ्याच्या मधोमध देऊळ, काठाला भुईकोट किल्ला, वर मोकळं आकाश. सकाळी वारा पडलेला असताना तळ्यावर जाऊन दहा मिनिटं नुसतं पाहिलं तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम या लेखात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. नवखे लोक लाटांपासून सुरुवात करतात: पाणी हलायला लागलं, चमकायला लागलं की त्यांना वाटतं जमलं. दृश्य तरीही खोटं दिसतं आणि का ते कळत नाही. बहुतेक वेळा दोष लाटांचा नसतो, रेषेचा असतो. वस्तू आणि तिचं प्रतिबिंब जिथे एकमेकांना टेकतात ती आडवी रेषा म्हणजे पाणरेषा. ती एक पिक्सेल चुकली की प्रतिबिंबाचा शेंडा दोन पिक्सेल चुकतो. सहा चुकली की बारा. म्हणून इथे रेषा आधी, लाटा सगळ्यात शेवटी.

इंजिन गोडो ४ धरलं आहे. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. नोड म्हणजे दृश्याचा एकेक घटक, शेडर म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा कोड. त्यांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की पूर्ण नाव समोर येतं.

१. आधी जमवायचं सामान

- गोडो ४. लॅपटॉप जुना असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोजेक्ट उघडतानाच रेंडरर (चित्र पडद्यावर रंगवणारा भाग) ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा. खालचं सगळं त्यात चालतं.
- चार चित्रं, पीएनजीमध्ये: आकाश, किल्ल्याची तटबंदी, देऊळ, आणि पाण्यापुढे येणारं काहीतरी (पायरी, झुडूप, दगडी कठडा). देवळाच्या चित्राला डावी-उजवीकडे किमान ४ पिक्सेल पारदर्शक जागा सोडा. कारण आठव्या पायरीत कळेल.
- संदर्भासाठी तळ्याचे दोन फोटो: एक शांत पाण्याचा, एक वारा असताना. दोन्ही एकाच जागेवरून काढा.
- एक वही. पाणरेषांचे आकडे कागदावर लिहिलेले बरे.

प्रोजेक्टची मूळ चौकट ३२० × १८० पिक्सेल ठेवा. सहापट केली की बरोबर १९२० × १०८० होते, चौपट केली की १२८० × ७२०. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर ‘निअरेस्ट’ आणि स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ करा. स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’ ठेवलात तर गेमच्या एका पिक्सेलचे पडद्यावर ३६ पिक्सेल होतात, आणि लाट त्यांच्या मधल्या कुठल्याही जागी थांबू शकते. पिक्सेल आर्टमध्ये ते डोळ्याला खुपतं.

२. पाणरेषा कागदावर आखा

गोडोत वरून खाली वाय वाढत जातो. आपल्या दृश्याची मांडणी अशी धरू (तळ्याच्या कुठल्याही काठावरून अगदी असंच दिसेल असं नाही, चौकटीच्या सोयीने मांडलं आहे):

- पलीकडचा काठ आणि किल्ल्याचा पाया: वाय १०४. बुरुजाचा माथा: ७२.
- पाणी: १०४ पासून १८० पर्यंत, म्हणजे ७६ पिक्सेल उंच.
- देऊळ तळ्यात, आपल्याकडे सरकलेलं. त्याचा पाया १२२ वर, शिखर ६६ वर.

आता हिशेब. प्रतिबिंबातली जागा = २ × रेषा − वस्तूची जागा. बुरुजाचा माथा २ × १०४ − ७२ = १३६ वर दिसायला हवा. शिखर २ × १२२ − ६६ = १७८ वर, म्हणजे चौकटीच्या तळाला दोन पिक्सेल राखून.

इथेच मुख्य गोम आहे. दृश्यात एक नाही, दोन पाणरेषा आहेत. किल्ल्याची वेगळी, देवळाची वेगळी. सगळ्यांना १०४ लावलंत तर शिखराचं प्रतिबिंब १४२ वर संपेल आणि देऊळ पाण्यात उभं न दिसता पाण्यावर चिकटवलेलं दिसेल. डोळ्याला काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं. काय चुकतंय ते मात्र बोट ठेवून सांगता येत नाही, मग माणूस लाटांची गती बदलत बसतो.

काठापासून मागे असलेल्या वस्तूचंही तसंच. तटाच्या मागे झाडांची रांग असेल तर तिची रेषा १०४ च्या वर, समजा १०० ला, लपलेली असते. तिचं प्रतिबिंब ८ पिक्सेल आखूड यायला हवं, आणि खालचा भाग काठाच्या प्रतिबिंबाआड जायला हवा. फरक एक-दोन पिक्सेलचा असेल तर सोडून द्या. चारच्या पुढे गेला तर त्या वस्तूला वेगळी वागणूक द्यावी लागते.

आणि प्रतिबिंब म्हणजे सावली नव्हे. ऊन डावीकडून आलं म्हणून प्रतिबिंब उजवीकडे कलत नाही. ते नेहमी वस्तूच्या सरळ खाली पडतं.

३. तीनपैकी रीत निवडा

*उलटी प्रत.* त्याच चित्राची दुसरी प्रत उभी उलटून पायाखाली ठेवायची. स्वस्त आणि पक्की. प्रत्येक वस्तूला स्वतःची रेषा देता येते. वस्तू वाढल्या की मात्र कटकट.

*पडदा वाचणारा शेडर.* पाण्याच्या आधी पडद्यावर जे रंगवून झालं आहे तेच पाणी उलटं करून दाखवतं. आकाश, किल्ला, उडणारे पक्षी, फटाके सगळं आपोआप येतं. मर्यादा दोन: रेषा एकच, आणि पडद्याबाहेरचं काही दिसत नाही.

*सबव्ह्यूपोर्ट.* दुसरा कॅमेरा लावून दृश्य वेगळं टिपायचं आणि ते पाण्यावर लावायचं. पाणरेषा पडद्याच्या मध्याच्या वर असेल तेव्हाच याची गरज पडते.

आपल्या दृश्याला पहिल्या दोघांची जोडी लागते: आकाश आणि किल्ल्यासाठी शेडर, देवळासाठी उलटी प्रत. फक्त शेडरवर भागवायला गेलात तर देऊळ पाण्याच्या आधी रंगवल्यास पाणी त्याचा खालचा १८ पिक्सेलचा भाग झाकून टाकतं. नंतर रंगवल्यास प्रतिबिंबच येत नाही.

४. नोडचा क्रम लावा

सीनच्या झाडात वरून खाली असा क्रम:

१) आकाश
२) किल्ला आणि काठ
३) बॅकबफरकॉपी
४) पाणी (कलररेक्ट, म्हणजे एकरंगी आयत)
५) देवळाची उलटी प्रत
६) देऊळ
७) पाण्यावरची चमक
८) पुढची पायरी, झुडूप

गोडो झाडात वर असलेलं आधी रंगवतो, खालचं नंतर. सगळ्यांचा झेड इंडेक्स (कोण कुणाच्या पुढे ते ठरवणारा आकडा) शून्यच ठेवा. एका ठिकाणी तो वाढवला की क्रम झाडात एक आणि पडद्यावर दुसराच होतो, आणि मग शोधत बसावं लागतं. पुढचं झुडूप पाण्याच्या नंतर आहे म्हणून ते प्रतिबिंबात येत नाही. ते अलीकडच्या काठावर आहे, यायलाही नको.

पाण्यासाठी कलररेक्ट घ्या: जागा (०, १०४), आकार ३२० × ७६. दृश्य आडवं लांब असेल तर रुंदी वाढवा. वरची कड पूर्णांकावर असू द्या, १०४.५ झाली की पाणरेषेवरची ओळ कधी दोनदा दिसते, कधी गायब होते.

कलररेक्ट हा मुळात बटणांच्या जातीचा नोड असल्यामुळे माऊसचे क्लिक तो गिळतो. त्याचा ‘माऊस फिल्टर’ ‘इग्नोर’ करायला विसरू नका. पाणी टाकल्यापासून नावेवर क्लिक होत नाही अशी तक्रार असेल तर दोष नावेच्या कोडमध्ये नाही, इथे आहे.

बॅकबफरकॉपीबद्दल थोडं. शेडरने पडदा मागितला की गोडो त्या क्षणापर्यंतच्या पडद्याची प्रत स्वतःहून काढतो, पण पहिल्यांदाच. त्यानंतर दुसऱ्या कुणी मागितली तर तीच शिळी प्रत मिळते. तुमच्या दृश्यात आधीच धुराचा किंवा उन्हाच्या झळांचा पडदा वाचणारा शेडर असेल, तर पाण्याला किल्ल्याच्या आधीचं चित्र मिळेल. पाण्याच्या अगदी आधी बॅकबफरकॉपी ठेवली की ताजी प्रत निघते. तिचा मोड ‘व्ह्यूपोर्ट’ करा. ‘रेक्ट’ ठेवायचा असेल तर चौकट पाण्याभोवती आखू नका. वाचायचं आहे ते पाण्याच्या वरचं, म्हणजे वाय २८ ते १०४. चौकट पाण्यावर आखून प्रतिबिंब काळं का येतं म्हणून डोकं धरणारे बरेच असतात.

५. पाण्याचा शेडर: आधी नुसता आरसा

कलररेक्टला शेडरमटेरियल द्या, प्रकार ‘कॅनव्हास आयटम’. पहिल्या फेरीत लाट नाही, रंग नाही. फक्त आरसा.

अ) एक युनिफॉर्म सॅम्पलर (शेडरला चित्र वाचायला देणारा चल) घ्या आणि त्याला तीन हिंट लावा: स्क्रीन टेक्स्चर, रिपीट बंद, फिल्टर निअरेस्ट. गोडो ३ मधला तयार स्क्रीन टेक्स्चर आता नाही. जुन्या व्हिडिओतला कोड जसाच्या तसा चिकटवला की पहिली चूक इथेच येते.

आ) पाण्यातला हा पिक्सेल रेषेच्या किती खाली आहे ते काढा. यूव्ही म्हणजे नोडच्या आतली पिक्सेलची जागा. यूव्ही-वाय पाण्याच्या वरच्या कडेला ०, तळाला १ असतो. त्याला यूव्ही-वायच्या एफविड्थने भागा. एफविड्थ म्हणजे शेजारच्या पिक्सेलपर्यंत तो किती बदलतो ते. भागाकार येतो तो थेट पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये. कॅमेऱ्याचा झूम बदलला तरी हिशेब बिघडत नाही, हा याचा मोठा फायदा.

इ) वाचायची जागा = स्क्रीन यूव्ही-वाय − २ × ती खोली × स्क्रीन पिक्सेल साइझचा वाय. स्क्रीन यूव्ही म्हणजे तशीच जागा, पण अख्ख्या पडद्यावरची.

ई) त्या जागेचा रंग वाचा आणि दाखवा.

अर्ध्या पिक्सेलची भानगडही यातच सुटते. पाण्याच्या पहिल्या ओळीचा मध्य रेषेपासून ०.५ पिक्सेल खाली असतो, दुप्पट करून वर गेलं की रेषेच्या वरच्या पहिल्या ओळीचा बरोबर मध्य मिळतो.

आता एफ६ दाबून सीन चालवा. एडिटरमध्ये दिसणाऱ्या चित्रावर जाऊ नका. तिथे शेडर एडिटरचाच पडदा वाचतो, त्यामुळे ते भलतंच दिसतं. चालत्या सीनमध्ये बुरुजाचा माथा १३६ वर आहे का, मोजा. स्क्रीनशॉट काढून कुठल्याही चित्र-प्रोग्राममध्ये मोजता येतं. आकडा जुळेपर्यंत पुढे जायचं नाही.

ही युक्ती पाणी तिरकं फिरवलं असेल किंवा पाण्याचं चित्र अनेक चित्रं एकत्र असलेल्या मोठ्या अॅटलासमधून कापलेलं असेल तर चालत नाही. अॅटलासमध्ये यूव्ही ० ते १ नसतो. म्हणूनच साधा कलररेक्ट.

६. रंग आणि जोर

सोलापुरी चादर उलटली की नक्षी तीच राहते, रंग जागा बदलतात. प्रतिबिंबाचंही काहीसं तसं आहे: आकार तोच, रंग तोच नाही. नुसता आरसा पाण्यासारखा दिसत नाही, कारण पाणी सगळीकडे सारखं परावर्तन करत नाही. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं. नजर जितकी आडवी, तितकं जास्त. म्हणजे पलीकडच्या काठाजवळ प्रतिबिंब ठसठशीत आणि आपल्या पायाशी पुसट. पुष्कळ ट्युटोरियलमध्ये सगळीकडे एकच पारदर्शकता लावलेली असते, आणि पाणी काचेच्या टेबलासारखं दिसतं.

पाण्याचा एक रंग ठरवा. तळ्याचं पाणी निळं नसतं. फोटोतून रंग उचललात तर हिरवट-करडा हाती येईल, तोच घ्या. मग मिश्रण: रेषेजवळ ७५ टक्के प्रतिबिंब आणि २५ टक्के पाण्याचा रंग, तळाशी ३५ आणि ६५. मधे सरळ उतरता क्रम. मिसळण्याआधी प्रतिबिंबाचा रंग ०.९ ने गुणून थोडा गडद करा.

रात्रीचं दृश्य करणाऱ्यांसाठी सापळा: पडद्यावरून वाचलेल्या रंगात दिव्यांचा उजेड आणि कॅनव्हासमॉड्युलेटचा (अख्ख्या दृश्याला एक छटा देणाऱ्या नोडचा) अंधार आधीच मिसळलेला असतो. पाण्यावर तो पुन्हा लागला की प्रतिबिंब दुप्पट काळं पडतं. शेडरच्या वर रेंडर मोड ‘अनशेडेड’ लिहा. पाण्याचा स्वतःचा रंग मग रात्रीसाठी हाताने गडद करावा लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

७. देवळाची उलटी प्रत

देवळाचा स्प्राईट (चित्र दाखवणारा नोड) अशा नोडखाली ठेवा ज्याचं मूळ पायाच्या मध्यावर आहे, म्हणजे वाय १२२ वर. प्रतीसाठी त्याच जागेवर दुसरा नोड, त्याचा स्केल वाय −१. ‘फ्लिप व्ही’चं बटण दाबू नका. ते चित्र स्वतःच्या चौकटीतल्या चौकटीत उलटवतं, पायाशी नाही. मग हाताने सरकवत बसावं लागतं.

प्रतीला अर्धपारदर्शक करायचा मोह होतो. करू नका. मागचं किल्ल्याचं आणि आकाशाचं प्रतिबिंब त्यातून डोकावतं आणि देवळाच्या पोटात बुरूज दिसतो. प्रतीची अपारदर्शकता पूर्ण ठेवा आणि तिच्या शेडरमध्ये पाण्याचा तोच रंग त्याच प्रमाणात मिसळा. प्रमाण पाण्याच्या कडेवरून काढायचं: जगातला वाय १०४ असताना ७५ टक्के, १८० असताना ३५. देवळाच्या पायाशी, १२२ वर, ते सुमारे ६५ येतं. दोन्ही शेडरमध्ये आकडे एकच असू द्या, नाहीतर प्रतीची कड कापून लावल्यासारखी दिसते.

ही प्रत मात्र अनशेडेड नसावी. ती पडदा वाचत नाही, स्वतःचं चित्र दाखवते, म्हणून तिला रात्रीचा अंधार एकदा लागायलाच हवा. पण पाण्याचा रंग तुम्ही रात्रीसाठी आधीच गडद केलेला आहे, तो इथे पुन्हा गडद होईल. म्हणून या शेडरला दिवसाचा रंग द्या. जे अनशेडेड त्याला रात्रीचा, जे शेडेड त्याला दिवसाचा: वहीत लिहून ठेवायची ती हीच ओळ. ही जुळणी फक्त कॅनव्हासमॉड्युलेटच्या अंधारापुरती आहे. एखादा दिवा प्रतीवर थेट पडत असेल तर प्रतीला त्या दिव्याच्या मास्कमधून वगळा.

चालणाऱ्या पात्रासाठीही हीच रीत. पात्र अॅनिमेटेडस्प्राईट असेल तर प्रत स्वतःहून चालत नाही. प्रत्येक फ्रेमला मूळ पात्राचं अॅनिमेशन, फ्रेमचा क्रमांक आणि डावं-उजवं तोंड तिला द्यावं लागतं. पात्राने उडी मारली की पात्र वर जातं आणि प्रत तितकीच खाली जायला हवी. प्रत पात्राच्या पोटात ठेवलेली असेल तर ती पात्राबरोबर वर येते. ती वेगळी ठेवा आणि तिचा वाय २ × रेषा − पात्राचा वाय या हिशेबाने लावा.

८. आता लाट

लाटेत तीन गोष्टी ठरवायच्या: किती सरकवायचं, किती दाट, किती वेगात.

सरकवणं आडवं. रेषेवर शून्य, तळाशी २.५ पिक्सेल, मधे खोलीच्या प्रमाणात वाढतं. रेषेवर शून्य हवंच. नाहीतर बुरूज पाण्याला टेकतो तिथून तुटलेला दिसतो. देवळाच्या प्रतीसाठी शून्य तिच्या स्वतःच्या पायाशी, १२२ वर.

दाटी: लांबच्या लाटा बारीक आणि जवळ जवळ, अलीकडच्या रुंद. यासाठी साइनच्या आत खोलीऐवजी खोलीचं वर्गमूळ टाका आणि त्याला ९ ने गुणा. रेषेखाली ४ पिक्सेलवर लाटेची रुंदी सुमारे ३ पिक्सेल येते, तळाशी सुमारे १२. नुसती खोली टाकलीत तर सगळे पट्टे सारख्या रुंदीचे होतात आणि पाणी उभ्या भिंतीवर लावलेल्या पडद्यासारखं दिसतं. दृश्याला लांबी-जवळीक येते ती या वर्गमुळाने.

वेग: टाइमला १.५ ने गुणून त्याच साइनमध्ये मिळवा. तळ्याचं पाणी आहे, समुद्र नाही. दोनच्या वर जाऊ नका.

साइनच्या आतली खोली जगाच्या वायवरून काढा. व्हर्टेक्स फंक्शनमध्ये मॉडेल मॅट्रिक्सने व्हर्टेक्स गुणून व्हेरिइंगमध्ये (तिथून पिक्सेलच्या कोडकडे आकडा नेणाऱ्या चलात) ठेवला की मिळतो. पाणी आणि देवळाची प्रत दोघांनाही १०४ पासूनचीच खोली द्या. मग लाट पाण्यातून देवळाच्या प्रतिबिंबात सलग जाते. प्रत्येकाने आपापल्या यूव्हीवरून लाट काढली तर देवळातली लाट डावीकडे, शेजारची उजवीकडे असा प्रकार होतो.

मिळालेलं सरकणं पूर्ण पिक्सेलवर आणा (राउंड), मग स्क्रीन पिक्सेल साइझने गुणून यूव्हीत मिळवा. देवळाच्या प्रतीसाठी टेक्स्चर पिक्सेल साइझने. चित्राच्या बाजूला सोडलेले ४ पिक्सेल इथे कामी येतात: जागा नसेल तर सरकलेली भिंत चौकटीच्या कडेला सरळ कापली जाते, आणि लाट असूनही देवळाच्या दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या राहतात.

उभं सरकवणंही हवं असेल तर एक पिक्सेलपुरतं, आणि वाचायची जागा रेषेच्या खाली जाणार नाही असा बांध घाला. पाण्याच्या जागी तेव्हा अजून काही रंगवलेलं नसतं, गोडोचा करडा रिकामा पडदा असतो. बांध नसेल तर काठाजवळ करड्या रंगाची एक ओळ मधूनच लुकलुकते. एकच पिक्सेल, पण नजर तिथेच जाते.

टाइम दर ३६०० सेकंदांनी शून्यावर येतो, म्हणजे तासाला एकदा लाट किंचित उडी मारते. कुणाला कळत नाही. तुम्हाला कळलं तर घाबरू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

९. गड्ड्याची रात्र: दिव्यांचे खांब

संक्रांतीच्या गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचं, दृश्य करायचं तर काठावर दिव्यांच्या माळा हव्यातच. पण हलत्या पाण्यात दिवा ठिपक्यासारखा दिसत नाही, खाली लांब ओघळतो. वरचा शेडर दिव्याचा ठिपकाच दाखवेल.

स्वस्त उपाय: प्रत्येक दिव्याखाली, त्याच्या प्रतिबिंबाच्या जागेपासून सुरू होणारा २ पिक्सेल रुंद आणि १४ ते २० पिक्सेल लांब उभा पट्टा, खाली विरत जाणारा. त्याला कॅनव्हासआयटममटेरियल, ब्लेंड मोड ‘अॅड’, लाइट मोड अनशेडेड. हाच तो सातव्या क्रमांकाचा ‘चमक’ नोड. पट्ट्याला आठव्या पायरीतली तीच लाट लावायची असेल तर कॅनव्हासआयटममटेरियल काढा, लाटेचा शेडर द्या आणि ब्लेंड अॅड व अनशेडेड हे दोन्ही रेंडर मोड त्यातच लिहा. एका नोडला एकच मटेरियल लागतं.

दिवे खूप असतील तर शेडरमध्येच: वाचायच्या जागेपासून ०, २, ४, ७ आणि ११ पिक्सेल खाली असे पाच वेळा रंग वाचा, त्यातला जो ०.७ पेक्षा उजळ असेल तो घ्या. पाच वाचनं जुन्या फोनला जड जातात, तिथे पट्टेच बरे.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाचे बाण आकाशात वाय २० वर फुटत असतील तर त्यांचं प्रतिबिंब २ × १०४ − २० = १८८ वर, म्हणजे चौकटीबाहेर. दिसत नाही ते बरोबरच आहे. दिसायला हवंच असेल तर बाण ३० ते ६० च्या दरम्यान फोडा. बाणांचे पार्टिकल पाण्याच्या आधी, आकाशाच्या लगेच खाली ठेवा.

१०. डबकं आणि फरशी

सोलापुरात पाऊस बेताचा, पण गेममध्ये डबकी सगळ्यांना हवी असतात. डबक्यात पडदा वाचणारा शेडर लावू नका. तिथे रेषा डबक्याच्या कडेला नसते, पात्राच्या पायाशी असते. डबक्याच्या आकाराचा स्प्राईट घ्या, त्याचं ‘क्लिप चिल्ड्रन’ ‘क्लिप + ड्रॉ’वर करा आणि पात्राची उलटी प्रत त्याच्या पोटात ठेवा. प्रत डबक्याबाहेर आपोआप कापली जाते. पात्र डबक्याच्या मागून गेलं तर फक्त धडाचा वरचा भाग दिसेल. खऱ्या डबक्यातही तसंच दिसतं.

घासून चकचकीत केलेल्या शहाबादी फरशीला लाट नको. प्रतिबिंब १५ ते २५ टक्के, आणि पायापासून लांब जाईल तसं पुसट.

११. पाणरेषा वर सरकली तर

नियम साधा: रेषेखालचं पाणी रेषेवरच्या दृश्यापेक्षा उंच असू नये. पाणरेषा ८० वर नेलीत तर पाणी १०० पिक्सेल उंच आणि वर फक्त ८०. शेवटच्या २० ओळींना वाचायला काही उरत नाही, आणि पडद्याची सगळ्यात वरची ओळ खाली लांब उभ्या रेघांसारखी ओढली जाते.

दोन पळवाटा. मिश्रणाच्या प्रमाणात शेवटच्या ओळी पाण्याच्या रंगात पूर्ण विरवून टाका; बहुतेक दृश्यांत एवढ्यावर भागतं. नाहीतर सबव्ह्यूपोर्ट: त्याला मुख्य व्ह्यूपोर्टचाच वर्ल्ड टू-डी कोडमधून द्या, आत कॅमेरा ठेवून तो मुख्य कॅमेऱ्याच्या एक्सबरोबर हलवा, आणि त्याचं टेक्स्चर पाण्याला द्या. पाण्याचा व्हिजिबिलिटी लेयर फक्त २ ठेवा आणि सबव्ह्यूपोर्टच्या कॅनव्हास कल मास्कमधून २ काढा. नाहीतर पाणी स्वतःचंच चित्र वाचायला जातं. ज्या वस्तू प्रतिबिंबात हव्यात त्यांचे वरचे सगळे नोडही त्या मास्कमधल्या लेयरवर असावे लागतात. एक पालक सुटला की खालचं सगळं कुटुंब गायब.

१२. फोनवर टाकण्याआधी

पडद्याची प्रत फुकट नसते. १९२० × १०८० चा पडदा, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका प्रतीला सुमारे ८.३ एमबी, सेकंदाला ६० वेळा म्हणजे जवळपास ५०० एमबीची ने-आण. ३२० × १८० ला तीच प्रत ०.२३ एमबीची. व्ह्यूपोर्ट स्ट्रेच मोड घ्यायला लावला त्याचं हे दुसरं कारण. एका दृश्यात दोनपेक्षा जास्त बॅकबफरकॉपी दिसल्या तर एखादी काढता येते का पाहा.

शेवटची तपासणी या क्रमाने: लाटेचं सरकणं शून्य करून बुरूज १३६ वर आणि शिखर १७८ वर आहे का, कॅमेरा डावी-उजवीकडे नेऊन प्रतिबिंब वस्तूबरोबर हलतं का, झूम दुप्पट करून रेषा जागेवर राहते का, रात्र लावून पाणी आणि देवळाची प्रत एकाच छटेची दिसते का. मग लाट परत सुरू करा आणि तळ्याचा फोटो शेजारी ठेवून पाहा. बहुतेक वेळा लाट थोडी कमीच करावी लागते.